ॲलिस रॉबर्टसन: शाळेत नऊ फलकांचं प्रदर्शन कसं उभारावं

३ जानेवारीला पुण्यातल्या शाळांत सावित्रीबाईंची जयंती साजरी होते. तिच्या आदल्या दिवशी, २ जानेवारीला, ॲलिस रॉबर्टसन यांचा जन्मदिवस असतो. सन १८५४, जन्मस्थळ टलाहासी मिशन, क्रीक या आदिवासी लोकांचा प्रदेश, आजचं ओक्लाहोमा राज्य. सरहद्दीवरच्या मिशनरी घराण्यातली ही मुलगी शिक्षिका झाली, शाळांची पर्यवेक्षक झाली आणि वयाच्या ६६ व्या वर्षी अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून आली. काँग्रेसवर निवडून गेलेली ती दुसरी स्त्री. दोन दिवस जोडून घेतले तर २ आणि ३ जानेवारीला एक छोटं, पण भक्कम प्रदर्शन भरवता येतं. या दोन स्त्रियांना जोडणारा धागाही खरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. तो पुढे दुसऱ्या फलकात येईल.

हे काम आठवी ते बारावीची मुलं आणि दोन शिक्षक सहा आठवड्यांत करू शकतात. मध्य नोव्हेंबरला सुरुवात करा. दोन आठवडे शोधासाठी, दोन लेखनासाठी आणि एक मांडणीसाठी धरा. छपाई २२ डिसेंबरच्या आत उरकायला हवी. त्यानंतर नाताळची सुट्टी लागते आणि अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंतचे छपाईवाले कॅलेंडर, डायऱ्या आणि लग्नपत्रिकांत बुडालेले असतात. घाईत छापलेल्या फलकावरची चूक मग जन्मभर शाळेच्या कपाटात राहते. मिशनच्या काही शाळा २ तारखेला उघडतही नाहीत, हे आधी विचारून घ्या. नगर रस्त्याकडच्या शाळांनी फलक ३१ डिसेंबरलाच जागेवर आणावेत, कारण १ जानेवारीला जयस्तंभाच्या अभिवादनासाठी त्या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते.

माहिती कुठून घ्यायची

सुरुवात अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळापासून करा. तिथल्या चरित्रात तारखा, समित्या आणि निवडणुकांचे तपशील नीट मिळतात. दुसरं ठिकाण ओक्लाहोमा इतिहास संस्थेचा ऑनलाइन कोश. या दोन्हींत एखादी तारीख वेगळी दिसली, तर ती फलकावर घालू नका. तिच्याऐवजी नुसतं साल पुरतं.

तिसरा थर जुन्या वर्तमानपत्रांचा, आणि मुलांना खरी गोडी इथेच लागते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९२० च्या काळातली वर्तमानपत्रं विनामूल्य खुली केली आहेत, आणि ओक्लाहोमा इतिहास संस्थेचा वेगळा वर्तमानपत्र-संग्रहही आहे. नुसतं नाव टाकून शोध घेतला तर भलत्याच ॲलिस रॉबर्टसन समोर येतात. नावाबरोबर ‘मस्कोगी’ हे त्यांचं शहर आणि सालांची मर्यादा घाला: १९०० ते १९०५, १९०५ ते १९१३ आणि १९२० ते १९२३ असे तीन वेगळे शोध. त्यांचं नाव कुठे ‘मेरी ॲलिस’, कुठे ‘ॲलिस मेरी’, तर कुठे नुसतं ‘मिस ॲलिस’ असं येतं. तिन्ही वापरून पाहा. जुन्या छपाईचं यंत्राने केलेलं वाचन चुकीचं असतं, म्हणून सापडलेल्या पानाचं चित्र डोळ्यांनी वाचल्याशिवाय काहीही उतरवून घेऊ नका.

घराण्याची कागदपत्रं टल्सा विद्यापीठाच्या मॅकफार्लिन ग्रंथालयात आहेत. ईमेल लिहायचा असेल तर ‘रॉबर्टसनबाईंबद्दल काहीही पाठवा’ असं लिहू नये. संग्रहाच्या यादीतून खोका आणि फोल्डरचा क्रमांक शोधून एकाच वस्तूची प्रत मागा. प्रदर्शन शाळेतलं आहे, तिकीट नाही, हेही स्पष्ट लिहा. फोन करायचा झाला तर हिवाळ्यात पुणे त्यांच्या साडेअकरा तास पुढे असतं; आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे नऊ.

यंत्राच्या भाषांतरावर विसंबू नका. ‘इंडियन टेरिटरी’चं ‘भारतीय प्रदेश’ आणि ‘इंडियन अफेअर्स’चं ‘भारतीय व्यवहार’ होऊन येतं, आणि मग सातवीतली मुलगी विचारते की या बाई भारतात कधी होत्या. फलकावर ‘क्रीक लोक’, ‘चेरोकी लोक’, ‘अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा प्रदेश’ असं लिहा. ‘रेड इंडियन’ हा शब्द कुठेही नको. क्रीक लोकांचं आजचं अधिकृत नाव मस्कोगी राष्ट्र असं आहे. ते एकदा पहिल्या फलकावर सांगा आणि पुढे शहराला ‘मस्कोगी’, लोकांना ‘क्रीक’ हा भेद शेवटपर्यंत पाळा. नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

फलकांची आखणी

एकूण नऊ फलक, प्रत्येक २ × ३ फूट, उभे. प्रत्येकावर शक्यतो एक चित्र आणि जास्तीत जास्त ११० शब्द. उभ्याने वाचणारा माणूस यापेक्षा जास्त वाचत नाही, आणि मागे रांग असेल तर तेवढंही नाही.

पहिल्या फलकावर नाव, छायाचित्र आणि नकाशा. नकाशात हमखास एक चूक होते: १८५४ च्या नकाशावर ‘ओक्लाहोमा’ लिहिलं जातं. ओक्लाहोमा राज्य १६ नोव्हेंबर १९०७ ला झालं. त्यामुळे दोन नकाशे शेजारी-शेजारी द्या. एक १८५४ चा, आदिवासी राष्ट्रांच्या सीमांसह, आणि दुसरा आजचा. दोन्हींवर टलाहासीला लाल टिंब द्या, मस्कोगी शहराला फक्त आजच्या नकाशावर; १८५४ मध्ये ते शहर नव्हतं. टलाहासी मस्कोगीच्या वायव्येला येतं.

दुसरा फलक आजोबांचा, आणि पुण्याशी जोडणारा धागा इथे आहे. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची स्थापना १८१० ची. तिची माणसं १८१३ मध्ये मुंबईत पोचली, त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. याच संस्थेने १८२५ मध्ये सॅम्युअल ऑस्टिन वूस्टर यांना चेरोकी लोकांत पाठवलं. तेच ॲलिसच्या आईचे वडील. याच संस्थेने १८२७ मध्ये सिंथिया फॅरार यांना मुंबईला पाठवलं, त्या पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण या फॅरारबाईंकडे झाल्याचं फुले-चरित्रांतून येतं. म्हणजे बोस्टनच्या एकाच कचेरीतून एक वाट नगरमार्गे आपल्या बुधवार पेठेत आली आणि दुसरी चेरोकी आणि क्रीक प्रदेशात गेली. या संस्थेचं मासिक, मिशनरी हेरल्ड, इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य आहे. १८३१ किंवा १८३२ चा खंड उघडा. त्यात मुंबईची पत्रं आणि चेरोकींची पत्रं एकाच पुठ्ठ्यात सापडतात. दोन्ही मथळ्यांची पानं शेजारी-शेजारी छापा. या फलकाला दुसऱ्या चित्राची गरज पडणार नाही.

आजोबांची हकिगत थोडक्यात अशी: जॉर्जिया राज्याने चेरोकींच्या भूमीवर राहायला राज्याचा परवाना आणि निष्ठेची शपथ सक्तीची केली. वूस्टर यांनी ती नाकारली, आणि १८३१ मध्ये त्यांना चार वर्षं सक्तमजुरी झाली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचा कायदा चेरोकींच्या भूमीवर लागू होत नाही असा निकाल दिला. राज्याने तो लगेच मानला नाही. वूस्टर १८३३ च्या जानेवारीत सुटले, पण चेरोकींना १८३८-३९ मध्ये घरंदारं सोडून पश्चिमेला जावंच लागलं. या फलकावर निकालाला ‘विजय’ म्हणू नका. निकाल आणि हकालपट्टी या दोन्ही ओळी सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापा. आणखी एक खबरदारी: अमेरिकन बोर्डाचे पहिले चिटणीस हेही सॅम्युअल वूस्टरच होते, ते यांचे चुलते. चुलत्यांचं चित्र पुतण्याच्या नावाखाली लागू शकतं. चित्राखालची जन्म-मृत्यूची सालं तपासल्याशिवाय ते घेऊ नका.

तिसरा फलक आईचा, ॲन एलायझा यांचा. त्यांनी क्रीक भाषेत केलेला बायबलच्या नव्या कराराचा अनुवाद १८८७ ला पूर्ण झाला आणि १८९२ मध्ये ओहायोतल्या वूस्टर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. विद्यापीठाच्या नावाचा माहेरच्या आडनावाशी संबंध नाही. उच्चार सारखा असला तरी इंग्रजीत दोन्ही वेगळी लिहितात. अनुवादात क्रीक भाषकांनी बरोबर बसून केलेलं काम मोठं होतं. ही ओळ गाळलीत तर फलक खोटा पडेल. शेजारी पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलचा उल्लेख करा, मुलांना लगेच ओळख पटते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला मुक्ती मिशनमध्ये हे काम करत होत्या आणि ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. त्या वेळी ॲलिस काँग्रेसमध्ये होत्या.

चौथ्या फलकावर न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा कॉलेजमधलं शिक्षण (१८७१ ते १८७३), मग वॉशिंग्टनला आदिवासी विभागात कारकुनी, आणि १८८० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत काम. कार्लाइलबद्दल गुळमुळीत लिहू नका. त्या शाळेत आदिवासी मुलांचे केस कापले जात, त्यांचे कपडे आणि नावं बदलली जात, आणि त्यांना स्वतःची भाषा बोलायला मनाई होती. त्याच राज्यात, फिलाडेल्फियाला, आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ वैद्यक शिकत होत्या. तेवढी सालाची पट्टी खाली द्या, पण या दोघींची भेट झाली असं सुचवू नका.

पाचवा फलक सोपा. १८८५ पासून मस्कोगीत मुलींची निवासी शाळा, १८९४ मध्ये तिचं हेन्री केंडल कॉलेज, १९०७ मध्ये कॉलेज टल्साला गेलं, १९२० मध्ये टल्सा विद्यापीठ झालं. चार सालं आणि एक बाण, एवढं पुरतं.

सहाव्यावर १९०० ते १९०५ क्रीक शाळांच्या पर्यवेक्षक आणि १९०५ ते १९१३ मस्कोगीच्या पोस्टमास्तर. पोस्टाची नेमणूक अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी केली. इथे ‘मोठी बढती’ एवढंच लिहून थांबू नका. पर्यवेक्षकाचं पद कुठून आलं तेही सांगायला हवं. १८९८ च्या कर्टिस कायद्याने क्रीक आणि शेजारच्या राष्ट्रांचा स्वतःचा कारभार मोडीत निघाला, त्यांच्या शाळा केंद्र सरकारच्या देखरेखीखाली गेल्या, आणि त्या देखरेखीसाठी पर्यवेक्षक नेमले गेले. बाई क्रीक मुलांसाठी मनापासून झटल्या आणि त्यांना मिळालेलं पद क्रीक लोकांच्या हातून शाळा गेल्यामुळे निर्माण झालं. दोन्ही वाक्यं फलकावर पाहिजेत.

सातवा फलक १९२० च्या निवडणुकीचा, मुलांचा सगळ्यात आवडता. १९१६ मध्ये काउंटीच्या शिक्षण अधीक्षकपदासाठी त्या उभ्या राहून हरल्या होत्या. चार वर्षांनी रिपब्लिकन पक्षातर्फे विद्यमान खासदार विल्यम हेस्टिंग्ज यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या मस्कोगीत ‘सावोक्ला’ नावाचं भोजनालय चालवत. गिऱ्हाइकांशी टेबलावर बोलून आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून त्यांचा प्रचार झाला. जवळपास ५०,००० मतांपैकी २२८ मतांनी त्या निवडून आल्या. विद्यमान खासदाराला हरवणारी ही पहिली स्त्री. हा फलक वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यासारखा मांडा: चौकटी २ × ३ इंचाच्या, एकेका चौकटीत एकेक तथ्य. जाहिरातींचा मजकूर स्वतः रचू नका. वर्तमानपत्रात सापडलेली खरी जाहिरात असेल तरच तिचं भाषांतर छापा, खाली अंकाची तारीख द्या.

आठवा फलक आधी लिहा

नऊपैकी हा सगळ्यात अवघड, आणि प्रदर्शन उभं राहतं ते यावर. म्हणून मुलांना क्रमाने लिहू देऊ नका. आठवा लिहून पक्का झाला की मगच पहिल्याला हात घाला, नाहीतर आधीचे सात फलक गौरवगीत होतात आणि आठव्याला धक्का बसतो.

१९२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲलिस निवडून आल्या. आणि त्या ओक्लाहोमातल्या मताधिकारविरोधी संघटनेच्या उपाध्यक्षा राहिलेल्या होत्या. काँग्रेसमध्ये त्या सुरुवातीला एकट्या स्त्री होत्या. २० जून १९२१ ला प्रतिनिधिगृहाच्या कामकाजाचं अध्यक्षस्थान घेणारी पहिली स्त्रीही त्याच. त्याच वर्षी माता आणि अर्भकांच्या आरोग्यासाठीच्या शेपर्ड-टाउनर विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. ते तरीही मंजूर झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मस्कोगी स्थानकावर सैनिकांना खाऊ घालणाऱ्या याच बाईंनी माजी सैनिकांच्या बोनसला विरोध केला, आणि ते मतदारांना बोचलं. १९२२ मध्ये हेस्टिंग्ज यांनी जागा परत घेतली.

हे कसं मांडायचं? फलकाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘काय केलं’, उजवीकडे ‘कशाला विरोध केला’, दोन्हीकडे फक्त साल आणि घटना. विशेषणं शून्य. ‘पण’, ‘तरीही’, ‘दुर्दैवाने’ हे शब्द काढून टाका. मुलं हटकून शेवटी ‘काळाच्या मर्यादा’ असं एक वाक्य जोडतात. तेही काढा. जेनेट रँकिन त्याच काळातल्या, काँग्रेसमधली पहिली स्त्री, आणि त्या मताधिकारासाठी लढल्या होत्या. काळ दोघींचा एकच होता. वाचणाऱ्याने उजवीकडची बाजू वाचून भांडावं, हीच अपेक्षा.

नववा फलक पुण्याचा. १८८४ मध्ये हुजूरपागा, १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात. १९२१ मध्ये, रॉबर्टसनबाई खासदार असतानाच, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्री म्हणून मत नाकारणारी अट काढून टाकली. मालमत्तेची अट राहिली, त्यामुळे थोड्याच स्त्रियांना मत मिळालं. त्यासाठी आणि मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पुण्यात रमाबाई रानडे उभ्या राहिल्या होत्या. या फलकाची माहिती भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुणे नगर वाचन मंदिरात मिळते. शाळेचं पत्र बरोबर न्या, आणि नेमकं साल आणि विषय कागदावर लिहून द्या. काउंटरवर ‘स्त्री-शिक्षणाबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर अर्धा दिवस जातो. रमाबाई रानडे आणि पंडिता रमाबाई या दोघींची छायाचित्रं अदलाबदल होतात, हे विसरू नका.

अक्षरं, चित्रं, छपाई

मथळा ९० पॉइंट, मजकूर ४० पॉइंट, चित्राखालच्या ओळी २२ पॉइंट. ओळींमधलं अंतर किमान १.४ पट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि दुरूनही वाचता येतात.

युनिकोड मजकूर छपाईवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. उपाय एकच: तुमच्याकडेच पीडीएफ बनवा, अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करून द्या, मग त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी चालतं. ‘ॲलिस’मधलं पहिलं अक्षर खास तपासा. ते एकाच कळीने उमटणारं ‘ॲ’ असावं. ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं अक्षर काही ठिकाणी फुटून मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं, आणि जुन्या फॉन्टात एकसंध ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. शंभर टक्के आकारात एका फलकाचा ए४ तुकडा आधी काढून पाहा.

१२ इंच रुंद चित्रासाठी किमान १८०० पिक्सेल हवेत, २४०० असतील तर उत्तम. काँग्रेस ग्रंथालयातली छायाचित्रं मोठ्या टिफ फाइलमध्ये उतरवता येतात. प्रत्येकाच्या पानावर हक्कांची नोंद असते, तिची प्रत जपून ठेवा. मोबाइलवरून उतरवलेलं छोटं चित्र मोठं केलं की चेहरा पिठाळ होतो.

फ्लेक्स नको, तो चकाकतो. ५ मिमी सनबोर्डवर मॅट लॅमिनेशन केलेला व्हिनाइल घ्या. दुहेरी चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. दोन वरच्या कोपऱ्यांत आयलेट (भोकाला बसवायची धातूची कडी) मारून घ्या आणि सुतळीने टांगा. मोठ्यांसाठी फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी, शाळेतल्या मुलांसाठी १२५ सेंमी. व्हरांड्यात लावणार असाल तर खालच्या कोपऱ्यांनाही दोरी बांधा; वारा आला की सनबोर्ड फिरतो आणि कोपरा मोडतो.

दोन फलकांमागे एक मूल उभं करा, फक्त आठव्याला दोन. प्रत्येकाला दोन मिनिटांचा मजकूर पाठ नको, तीन प्रश्न द्या, ते येणाऱ्याला विचारायचे. आठव्यासाठी एकच प्रश्न पुरे: मताधिकाराला विरोध करणारी स्त्री मतांवर निवडून आली, तिला तुम्ही मत दिलं असतं का? उत्तरं वहीत लिहून घ्या, नाव घेऊ नका.

४ तारखेला फलक उतरवताना दोन फलकांमध्ये बटर पेपर घालून ते आडवे ठेवा. उभे टेकवले तर पावसाळ्यापर्यंत वाकतात. पीडीएफची मूळ फाइल, हक्कांच्या नोंदी आणि वर्तमानपत्रांची पानं एकाच पेनड्राइव्हवर ठेवा. कुणी चूक दाखवली तर त्या फलकापुरती चिठ्ठी त्याच दिवशी छापून चिकटवा आणि मूळ फाइलमध्येही दुरुस्ती करा.